हात गुंतलेले आहेत

मराठी घरात बाईला सगळं करता येतं, फक्त नुसतं बसता येत नाही. दुपारी आवरून ती खिडकीशी जरा टेकली, की घरातल्या कुणाला तरी नेमकी तहान लागते. ती डोळे मिटून पडली, तर ‘बरं नाही का गं?’ अशी चौकशी होते आणि तिच्या पाठोपाठ ‘मग संध्याकाळचं कसं?’ हा खरा प्रश्न येतो. पुस्तक हातात असेल, तर वाचन काय, नंतरही करता येतं. मोबाईल हातात असेल, तर विचारायलाच नको. पण तीच बाई त्याच खिडकीशी क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन बसली, की घराची नजर बदलते. आता ती बसलेली नसते, काम करत असते. तिचे हात गुंतलेले असतात. तहान लागलेला माणूस स्वतः उठून माठापर्यंत जातो आणि जाताना भांडं न वाजवण्याची काळजीही घेतो.

क्रोशाच्या प्रेमात माणसं का पडतात हे सांगताना कला, परंपरा, सर्जनशीलता असे भारदस्त शब्द निघतात. ते सगळं खरंच आहे, पण ते नंतरचं. माझ्या मते पहिलं कारण हे, की क्रोशा हा बसण्याचा परवाना आहे. त्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागत नाही आणि त्याची मुदत गुंडा संपेपर्यंत असते. गुंडे तर घरात नेहमी दोन-चार जास्तीचे असतातच.

या परवान्यातलं सर्वांत जबरदस्त कलम म्हणजे मोजणी. ‘तीन साखळ्या, दोन खांब, एक साखळी, परत दोन खांब’ असं ओठांतल्या ओठांत चालू असताना कुणी काही विचारलं, तर विणणारी बाई मानही वर करत नाही. ‘थांब, मोजतेय’ एवढंच म्हणते. या दोन शब्दांपुढे सासूबाईंपासून शेंडेफळापर्यंत कुणाचं काही चालत नाही. आता खरं सांगायचं, तर मुरलेल्या विणकरणीला मोजावं लागत नाही, तिची बोटंच मोजतात. पण ही गोष्ट घरात जाहीर करायचं काही कारण नसतं. माझ्या एका मावशीला, काकांचे मित्र जमून पुढचं सरकार कुणाचं हे ठरवू लागले, की हटकून रुमालाचा कोपरा मोजायचा असे. सरकारं आली आणि गेली, मावशीचा कोपरा काही मोजून संपला नाही.

पण नुसती सबब म्हणून पाहायचं, तर हाताला लावायला इतरही कामं होती. मग क्रोशाच का? तर त्याची घडणच बाईच्या दिवसाला साजेशी आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर एका वेळी टाक्यांची अख्खी रांग अडकलेली असते. तिच्यातला एक निसटला, की खालच्या ओळींमधून शिडी पडत जाते. भरतकामाला रिंग लागते, शिवणाला मशीन, विणकराला तर माग आणि तो मावेल अशी खोली. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. कुकरची शिटी झाली, दार वाजलं, शाळेची व्हॅन आली, की तो एक फास जरा लांब ओढायचा आणि उठायचं. तासाभराने परत या किंवा पुढच्या श्रावणात या, काम जिथे होतं तिथेच असतं. सलग दोन तास ज्यांना कधीच मिळत नाहीत, त्यांच्यासाठीच जणू हे काम घडवलेलं आहे. म्हणून तर ते लोकलच्या लेडीज डब्यात दिसतं, दवाखान्यातल्या बाकावर दिसतं आणि मुलांच्या क्लासबाहेर पायरीवर बसलेल्या आयांच्या मांडीवर दिसतं.

शिवाय क्रोशा मोठ्या मनाचा आहे. बिघडलं, तर फास सोडून दोरा ओढायचा. सरसर सगळं उसवतं आणि दोरा होता तसा हातात परत येतो. आमटी खारट झाली, तर ती पुन्हा बिनमिठाची करता येत नाही. संसारातल्या बहुतेक गोष्टींची तीच तऱ्हा असते. मागे जाऊन नीट करता येणारी एक तरी गोष्ट हाताशी असावी असं माणसाला वाटलं, तर त्यात नवल नाही.

एवढ्या बैठकी झाल्या, की साहजिकच रुमाल जमतात. आपल्याकडे एक काळ असा होता, की घरात जे जे स्थिर होतं त्यावर क्रोशाचा रुमाल पडत असे. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, टेलिफोनखाली एक आणि वर एक, पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी ओवलेला रुमाल, सोफ्याच्या पाठीवर तीन रुमाल. घरातली वयस्कर माणसं फार वेळ एका जागी बसली, तर त्यांच्याही अंगावर रुमाल येईल की काय, अशी शंका यायची. सोफ्यावरच्या रुमालांना मात्र खरंच कारण होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मकासर तेल चोपडत आणि त्याचे डाग खुर्च्यांच्या पाठीवर उमटत, म्हणून तिथल्या गृहिणींनी खुर्च्यांवर असे रुमाल टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे मकासर नव्हतं, पण खोबरेल होतं. टीव्हीच्या रुमालाला तसलं काही कारण नव्हतं, आणि त्याचा अंतही टीव्हीनेच केला. भिंतीला चिकटलेल्या चपट्या टीव्हीला डोकंच नाही, रुमाल घालणार कुठे?

रुखवतात मात्र क्रोशाने आपली जागा राखली. तोरण, ताटावरचे रुमाल, सप्तपदीची पावलं, सगळं वधूने स्वतः केलं आहे, असं वधूची आत्या सांगत असे, आणि ते तिनेच रात्री जागून केलेलं असे. आता रुखवत भाड्यानेही मिळतं. त्यातली पावलं किती नवऱ्यामुलींनी ‘स्वतः’ विणली असतील, याचा हिशेब भाड्याने देणाऱ्यालाच ठाऊक.

या बैठकीची गरज फक्त चाळीतल्या आणि वाड्यातल्या बायकांनाच होती असं कुणी समजू नये. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नसे, त्याच्या सम्राज्ञीलाही संध्याकाळी हाताला काहीतरी लागत होतं. बोअर युद्ध चालू असताना व्हिक्टोरिया राणीने, वयाची ऐंशी वर्षं उलटल्यावर, सैनिकांसाठी क्रोशाचे आठ खाकी मफलर विणले. १९०० साली ते शौर्याचा मान म्हणून निवडक सैनिकांना दिले गेले. युद्धाचे निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांना ती ‘थांबा, मोजतेय’ म्हणाली असेल का, हे इतिहासात नोंदलेलं नाही.

आणि या ‘नुसत्या बसण्या’तून काय काय निघावं? क्रोशाचा गोल रुमाल सपाट बसावा म्हणून विणणाऱ्या बायका एक नियम पाळतात. पहिल्या फेरीत बारा खांब घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत बारा वाढवायचे. कमी वाढवले, तर रुमालाची टोपी होते. जास्त वाढवले, तर कडेला झालर पडते. अशी झालर पडली, की आपल्या आज्या-मावश्या कपाळाला हात लावून उसवायला घेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिना या लाटवियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ती झालर मुद्दाम पाडली. ठरावीक टाक्यांमागे एक जादा टाका, असं न चुकता विणत गेल्या आणि हायपरबोलिक प्रतलाचा हातात धरता येईल असा नमुना तयार केला. या भूमितीत एका रेषेला बाहेरच्या एकाच बिंदूतून कितीही समांतर रेषा काढता येतात. पुस्तकात वाचून डोकं गरगरतं, झालर हातात घेतली की पटतं. कागदाचे नमुने फाटायचे, क्रोशाचे टिकले. त्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला आधी वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकाचं ब्रिटिश बक्षीस मिळालं आणि मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गणिती संघटनेचं ऑयलर पारितोषिकही. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियन जुळ्या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये २००५ पासून याच झालरींतून अख्खं प्रवाळ बेट विणायला घेतलं, कारण समुद्रातली प्रवाळंही तशाच झालरींनी वाढतात. गणितात नापास झाल्या म्हणून शाळा सोडायला लावलेल्या कितीतरी बायका आयुष्यभर भूमिती विणत होत्या आणि बिघडली म्हणून उसवत होत्या.

इथवर सगळं गमतीचं आहे. पण याच परवान्याची मागची बाजूही वाचायला हवी. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी आणि धर्मगुरूंच्या बायकांनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. माग नको, जागा नको, एक सुई आणि दोरा पुरे. कुणी घरी बसून फुलं विणायची, कुणी पानं, कुणी ती जाळीत जोडायची. श्रीमंत घरांतल्या झग्यांच्या गळपट्ट्यांवर ती लेस मिरवली आणि इकडे कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली. म्हणजे एकीकडे क्रोशा वेळ घालवायला होता आणि दुसरीकडे पोट भरायला.

त्याच सुमारास, १८४४ मध्ये, मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला बायकांना ही लेस शिकवली. तिथला धंदा वाढत वाढत परदेशी बाजारात पोचला. साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे त्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं : बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, निर्यात करून पुरुष पैसे मिळवत होते आणि विणणारीच्या हातात जेमतेम काही पडत होतं. कारण काय, तर त्या कामगार मानल्याच जात नव्हत्या. घरात बसलेल्या बायका, फावल्या वेळात विणतात, असंच सगळे धरून चालले होते. आपल्या मावशीला बसायला मिळावं म्हणून जी सबब उपयोगी पडली, तीच तिथे मजुरी बुडवायला उपयोगी पडली. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लेसला नाव मिळालं, चांगलंच झालं. विणणारीला दाम मिळणं हा वेगळा विषय आहे.

मधल्या काळात क्रोशा जवळजवळ आज्यांबरोबर माळ्यावर गेला होता. तो परत आला तो नातींच्या हातून. या मुली रुमाल करत नाहीत. त्या जपानी पद्धतीची गुबगुबीत खेळणी करतात, सूर्यफुलाच्या किचेन करतात, ट्यूलिपचे न कोमेजणारे गुच्छ करतात. शिकतात यूट्यूबवर आणि अडलं की आजीला व्हिडिओ कॉल लावतात. २०१६ मध्ये चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने अकरा हजार चौरस मीटरहून मोठी गोधडी जोडून गिनेस विक्रम केला. हे क्षेत्रफळ पावणेतीन एकर भरतं. एवढा परवाना एकरकमी आजवर कुणी काढला नसेल.

आता पुरुषही येऊ लागले आहेत. ओळखीतले एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांना घरात कुठे ठेवावं हे घरच्यांना कळेना. ते स्वयंपाकघरात सूचना देत, मग सोसायटीत सूचना देत. आता ते क्रोशाने तान्ह्या बाळांची टोपरी विणून एका प्रसूतिगृहात देतात. सूचना थांबल्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस आता स्वतःचे खांब मोजतो आणि कुणी मध्ये बोललं, तर तोही ‘थांब, मोजतोय’ म्हणतो. बसायला निमित्त लागणं ही फक्त बायकांची अडचण नाही. कामाशिवाय आपली किंमत नाही, असं ज्याला ज्याला शिकवलं गेलं, त्या सगळ्यांची ती आहे. आणि एकदा त्या निमित्ताने बसलं, की कधीतरी पाचव्या-सहाव्या रुमालाच्या आसपास निमित्त गळून पडतं आणि बसणंच आवडू लागतं. प्रेम म्हणतात ते हेच असावं.

हे सगळं सांगितलं ते एका कारणासाठी. बाजारातलं दोन सुयांचं विणकाम आता बहुतेक मशीनवर होतं, पण खऱ्या क्रोशाचं काम व्यापारी मशीनवर निघत नाही. म्हणजे मॉलमध्ये सेलला लावलेला स्वस्त टॉप खरोखर क्रोशाचा असेल, तर तोसुद्धा कुठल्या तरी बाईने टाका टाका करून हातानेच विणलेला असतो. तेव्हा प्रदर्शनात एखादी मुलगी छोटंसं सूर्यफूल पुढे करून दोनशे रुपये म्हणाली, तर ‘एवढुशा फुलाचे?’ असं विचारू नका. ‘आमची आजी घरीच करायची’ हेही नको, कारण तुमच्या आजीला त्याचे पैसे कुणी दिले नव्हते. सांगेल ती किंमत द्या. आणि निघताना कौतुकाने ‘वेळ छान जात असेल ना तुझा!’ असं तर मुळीच म्हणू नका.