कुंपणावरचे पॅड

"अगं बाई, हे काय वाळत घातलंयस कुंपणावर? गादी उसवलीस की काय?"

"गादी कशाची काकू, आमच्या पोट्टीचे पॅड आहेत. हॉकीतल्या गोलकीपरचे. पायाला बांधतात."

"एवढे जाड? पोरीच्या पायाला की हत्तीच्या?"

"हसा तुम्ही. याच पॅडांनी मला वरंगळ दाखवलं."

"तरीच! चार दिवस दाराला कुलूप. दूधवाला मलाच विचारत होता. मी म्हटलं, गेली असेल माहेरी यवतमाळला, नवऱ्याशी बिनसलं असेल."

"बाप्पा! दूधवाल्याला असं सांगितलं? काकू, तुम्ही पण ना! अवो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. आपल्याकडची कॉलेजं काकतीय विद्यापीठाखाली येतात, म्हणून पोरींना खेळायला वरंगळ गाठावं लागतं. टीम गेली रात्रीच्या कृष्णा एक्स्प्रेसनं. हेल्मेट नेलं, हातमोजे नेले, स्टिका नेल्या, आणि हे पॅड राहिले गच्चीवर वाळत. गोलकीपर पॅड विसरून गेली! नवरदेव लग्नाला निघाला आणि बाशिंग घरी, तशातली गत. मुदखेडला गाडी पोचल्यावर तिला आठवण झाली. तिथून फोन. रडतेय नुसती."

"मुदखेडला? वरंगळला जायचं तर महाराष्ट्रात कशाला गेली ती?"

"रेल्वेचा रस्ताच तसा आहे, काकू. आदिलाबादहून निघालं की किनवट, भोकर, मुदखेड, धर्माबाद, आणि मग बासरला पुन्हा तेलंगणात. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर आधी शेजाऱ्याच्या अंगणातून वळसा."

"शेजाऱ्याचं कसलं? किनवट आपल्याच जिल्ह्यात होतं. छप्पन साली तिकडे गेलं. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, किनवट आपलं, राजुरा आपलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्यांची जमीनबिमीन आहे तिथं."

"होती का?"

"कसली जमीन! नुसता जिल्हा. बरं, पुढं सांग. पॅड कोणी नेले?"

"मीच. हे म्हणाले, कुरियर करू. म्हटलं, मॅच उद्या सकाळी आणि तुमचं कुरियर येणार परवा. दोन्ही पॅड जुन्या साडीच्या गाठोड्यात बांधले आणि निघाले स्टँडवर. जाता जाता राइट बॅक खेळते तिच्या आईला हाक मारली. ती म्हणाली, थांबा, मी पण येते. तिनं तिच्या जावेला उठवलं. वरच्या आळीतल्या एकीची पोरगी सेंटर हाफ, ती आली. तिच्यासोबत तिची नणंद, तिला आपलं वरंगळ बघायचं होतं. स्टँडवर पोचेपर्यंत पाच जणींचं वऱ्हाड झालं."

"आणि पैसे? पाच जणींचं जायचं-यायचं भाडं?"

"झिरो टिकीट, काकू! दोन हजार तेवीसच्या डिसेंबरपासून बायांना एक्स्प्रेस फुकट नाही का. आधारकार्ड दाखवलं की झालं. निर्मलला बदलली, करीमनगरला बदलली, पण एक रुपया नाही. खरं सांगू? तिकीट लागलं असतं तर एक जण पण हलली नसती. पोरगी तीन वर्षं खेळतेय, मी तिची एक मॅच पाहिलेली नव्हती. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघून विचारलं, हे काय आहे. सेंटर हाफची आई म्हणाली, ही आमची बारावी खेळाडू, हिला पण झिरो टिकीट द्या. तो बिचारा हसत पुढं गेला."

"बायका मॅच बघायला गावोगाव फिरणार म्हणजे नवलच. गडीमाणसं जायची, जत्रेतल्या कुस्त्या बघायला. आमचे हे बैलगाडीनं जायचे दंगलीला, तीन-तीन दिवस पत्ता नसायचा. त्यांना नाही कोणी विचारलं, कुठं होतात."

"दूधवाल्यानं पण नाही?"

"गप गं! ऐक, आमचा नातू बोस्टनला आहे ना, तो सांगत होता. तिथं हॉकी बर्फावर खेळतात म्हणे. चेंडू नाही, रबराची चकती. चार कॉलेजांची स्पर्धा असते, फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी, एकोणीसशे बावन्नपासून. पोरंपोरी अंगाला रंग फासून, बँडबाजा घेऊन जातात. आणि जिंकणाऱ्याला बक्षीस काय मिळतं माहीत आहे? घेवड्याची उसळ शिजवायचं मडकं!"

"मडकं?"

"मडकंच. नावसुद्धा तेच आहे त्या स्पर्धेचं. मी म्हटलं, रे बाबा, एवढं शिकून मडक्यासाठी ओरडता!"

"पण चारही कॉलेजं एकाच गावातली ना? मग त्यात परगाव कसलं?"

"ते मी पण विचारलं. तर म्हणे, लांब जाणारे वेगळे. नॉर्थ डकोटा म्हणून थंडगार मुलूख आहे, तिथल्या विद्यापीठाची माणसं दोन हजार अठराला टीमच्या मागोमाग लास व्हेगासला गेली होती. वाळवंटात बर्फावरची हॉकी बघायला! तुमच्या वऱ्हाडातली ती नणंद बरी म्हणायची, वरंगळवर भागलं तिचं."

"तिनं खरंच सगळं पाहिलं हो. भद्रकालीचं देऊळ, तळं, हजारखांबी देऊळ. आम्ही मात्र मैदानावर. काकू, मला काय कळतं त्यातलं? मुरमाचं मैदान, वर धूळ. एवढंच समजलं की आमचीला चेंडू पायानं अडवायला चालतो. बाकीच्यांच्या पायाला लागला की शिट्टी. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. आणि एक ते पेनल्टी कॉर्नर. ते मात्र वाईट. आपल्या पाच जणींनी गोलच्या रेषेमागं उभं राहायचं, बाकीच्यांनी पार मैदानाच्या मध्यावर जायचं, आणि समोरून त्या धावत येऊन ठोकणार. चेंडू दगडासारखा. मी तेव्हा डोळे मिटून घेते आणि राइट बॅकची आई मला सांगते, गेला, अडला, उडाला."

"मग ओरडलीस की नाही?"

"ओरडले म्हणजे! पहिली मॅच आम्ही दोन-शून्यनं जिंकलो, ती आमच्या ओरडण्यानं. समोरच्या सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. आम्ही मराठीतून सगळं सांगायचो. डावीकडं बघ, लाल रिबिनवाली मोकळी सुटली! पुढं नको येऊ, थांब! त्यांना काही कळेना, नुसत्या आमच्याकडे बघायच्या. त्यांचे सर विचारायला आले, अम्मा, तुम्ही काय मंत्र म्हणताय?"

"हुशार गं!"

"कसली हुशार. दुसऱ्या मॅचला तिथल्याच एका कॉलेजची टीम. मी आपली चालूच, ती उंच पोट्टी येतेय, तिचा उजवा हात जोरात आहे, सांभाळ. तर ती उंच पोट्टी धावता धावता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, मला कळतंय बरं का. मी बेल्याची."

"अगंबाई! आपल्या बेल्याची?"

"आपल्या बेल्याची. हॉस्टेलला राहून तिथं शिकते. आणि पुढच्या पाच मिनिटांत तिनंच पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला, आमचीच्या पॅडाला घासून. हा बघा, इथं डाग आहे. एक-शून्य. आम्ही बाहेर."

"असू दे. आपलीच तर होती."

"तेच तर. मॅच संपल्यावर ती आली, पाया पडली. आम्ही दशम्या सोडल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. तिनं ठेच्याचा वास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच. ठेचा तिखट होता म्हणाली. काकू, ठेचा तोंडात घालायच्या आधी कुणाला तिखट लागतो का? राइट बॅकच्या आईनं विचारलं, घरून कोण आलंय. म्हणे कोणी नाही. कापसाची वेचणी चालू आहे, आईला रोजानं जावं लागतं, तिनं आजवर एकदाही खेळताना पाहिलं नाही मला."

"वेचणीच्या दिवसात कोण सोडतं रान."

"मग काय. आमची टीम त्याच रात्री परत आली, आणि आम्ही पाच जणी राहिलो."

"कशाला?"

"तिची फायनल होती ना दुसऱ्या दिवशी! हे फोनवर म्हणाले, तुमची टीम हरली, आता कोणाची मॅच बघताय? म्हटलं, आपलीच. ते म्हणाले, म्हणजे कोणाची? मी फोन ठेवला. आणि काय सांगू, आदल्या दिवशी जिला सांभाळ म्हणत होतो, तिच्यासाठीच घसा फोडला. मार गं उंचे! सोडू नकोस! ती प्रत्येक वेळी मान वळवून बघायची, आहोत का आम्ही. तिचे सर वैतागले, चेंडूकडे बघ म्हणाले."

"जिंकली?"

"नाही हो. दोन-एक हरल्या. तो एक तिचा."

"तुझी पोरगी काही बोलली नाही? तिला हरवणारीसाठी आई तिकडं राहिली म्हणून?"

"फुगून बसली होती दोन दिवस. काल दोघींचं फोनवर तासभर चाललं होतं. आता येत्या रविवारी यवतमाळला मैत्रीची मॅच ठरली आहे. बेल्यावाली संक्रांतीला घरी येतेय, तिला आपल्या टीममध्ये घेतलंय. यवतमाळ म्हणजे साधं नाही, काकू. भारताच्या टीमचा गोलकीपर होऊन गेलाय तिथला, आकाश चिकटे. दोन हजार सोळाला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला नेहमीचा गोलकीपर श्रीजेश दुखावला होता, तेव्हा पाकिस्तानपुढे आमच्या यवतमाळचा पोरगा उभा होता गोलमध्ये. तीन-दोननं जिंकलो."

"आमच्या यवतमाळचा म्हणे! मग रविवारी तू ओरडणार कुणाकडून? माहेरकडून की सासरकडून?"

"ते सोडा, पंचाईत वेगळीच आहे. तिथं सगळ्यांनाच मराठी कळणार. मंत्र चालायचा नाही. सेंटर हाफची आई म्हणते, तिथं आपण तेलुगूतून ओरडू."

"तुला येतं का धड तेलुगू? वीस वर्षं झाली इथं, अजून भाजीवालीशी खुणांनी बोलतेस. मलाच यावं लागेल."

"खरंच या की! किती दिवस झाले तुम्ही बाहेर पडला नाहीत. काका नाहीत तर मी सोबत आहे. आधारकार्ड तेवढं घ्या."

"माझं आधार नांदेडचं आहे गं. थोरल्याकडे होते तेव्हा काढलेलं. मला इथं झिरो टिकीट नाही देत."

"अरे देवा. मग पूर्ण तिकीट?"

"पुलापर्यंत. पेनगंगेच्या पलीकडं एसटीत बसलं की मला फुकट. पंच्याहत्तर झाल्यावर महाराष्ट्रात म्हाताऱ्यांना तिकीट नाही. तुला तिथं काय लागेल?"

"बायांना अर्धं."

"झालं तर मग. अलीकडं माझं तिकीट तू काढ, पलीकडं तुझं मी काढते. आणि ते पॅड आत घे आधी, बकरी बघतेय कधीची."