खाकी कव्हरातला गाईडपारखी

नेटवर्किंगच्या क्लासला गेलेल्या पुण्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, गाईडपारखी त्याला भेटलेला असतोच. पोराला फक्त सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी कुठलं पुस्तक घ्यावं एवढंच हवं असतं. पारखी दोन कटिंग सांगतो आणि उलट विचारतो, "ओडम की लॅमल?" ही दोन्ही नावं ज्याच्या कानावर पहिल्यांदाच पडली, त्याची संध्याकाळ गेली म्हणून समजा.

वेंडेल ओडम हे सिस्को प्रेसच्या अधिकृत मार्गदर्शकाचे लेखक. दोन जाडजूड खंड. पारखीच्या मते ओडम काहीही सोडत नाही, आणि तीच त्याची खोड. टॉड लॅमल गप्पा मारत शिकवतो, अधूनमधून विनोद करतो. तांत्रिक पुस्तकातले विनोद पारखीला खपत नाहीत. मात्र कुठला विनोद कुठल्या प्रकरणात आहे, हे त्याला तोंडपाठ.

पण हे सगळं नंतरचं. पुस्तक घरात आलं की आधी त्याला खाकी कव्हर घातलं जातं. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पालक वह्यांसाठी रेटारेटी करत असतात, त्यांच्यात शिरून हा ब्राउन पेपरचा अख्खा रोल आणतो. कोपरे आत दुमडायचे, चिकटपट्टी कागदाला लावायची, पुस्तकाला नाही, असे त्याचे नियम. वर लेबल. नाव, विषय, आणि इयत्तेच्या जागी परीक्षेचा क्रमांक, तोही पेन्सिलीने. "अहो, मुलांच्या पुस्तकांना काही उरलंय का?" हा बायकोचा दरवर्षीचा प्रश्न.

पेन्सिलीचं कारण सिस्को. १९९८ पासून ही परीक्षा आहे आणि पारखीचा अनुभव असा, की त्याची तुलना पूर्ण व्हायला आली की क्रमांक बदलतो. २००७ मध्ये ६४०-८०२ आली, २०१३ मध्ये २००-१२०, २०१६ मध्ये २००-१२५, आणि फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१. तीन पुस्तकांतली फ्रेम रिलेची प्रकरणं त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचली होती. अभ्यासक्रमातून फ्रेम रिलेच गेला. मग त्याने ईआयजीआरपीला हात घातला. तोही गेला. पारखीने सुतक पाळलं नाही, एवढंच.

त्याची पारखण्याची रीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तो फूटपट्टी घेऊन बसतो. परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के आणि ऑटोमेशनला १० टक्के वजन आहे; मग पुस्तकाची जाडी त्याच हिशेबाने वाटलेली आहे का? दुसरी कसोटी सबनेटिंग. १९२.१६८.१०.०/२६ मध्ये किती होस्ट बसतात? काही लेखक वाचकाला बत्तीस बिटांच्या शून्य-एकांत पोहायला लावतात. शहाणा लेखक २५६ मधून १९२ वजा करतो, ६४ चा गठ्ठा दाखवतो, दोन पत्ते बाजूला काढतो आणि ६२ वर थांबतो. सराव परीक्षांत त्याला बोसनची मान्य, कारण तिथे चुकीचा पर्याय का चुकीचा हेही समजावलेलं असतं. नुसती 'उत्तर : क' छापणाऱ्या संचाला तो कव्हरसुद्धा घालत नाही. त्याच्या लेखी यापुढे शिक्षा नाही.

खरी पंचाईत जेरेमीज आयटी लॅबने केली. यूट्यूबवर अख्खा कोर्स फुकट, सोबत पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरचे लॅब आणि उजळणीची कार्डं. पारखीने तो बारकाईने पाहिला, दोष सापडेना. पण व्हिडिओला कव्हर कसं घालणार? कित्येक महिने तो अस्वस्थ होता. अखेर २०२४ मध्ये त्याच जेरेमीचं पुस्तक दोन खंडांत आलं. त्याच वर्षी परीक्षेत एआयचे मुद्दे घुसले आणि ओडमचीही नवी आवृत्ती निघाली. घरातला ब्राउन पेपर ऑगस्टमध्येच संपला.

तर हा माणूस स्वतः परीक्षेला बसला का? नाही. फी तीनशे डॉलर, शिवाय पास व्हायला किती लागतात ते सिस्को सांगत नाही. पण खरी अडचण वेगळीच. १२० मिनिटांच्या त्या परीक्षेत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. मागची पानं उलटण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे कसं सोसावं?

त्याच्या ऑफिसात एक प्रमाणित तरुण आला. डम्प घोकून पास झालेला, म्हणजे फुटलेले प्रश्न पाठ. एका संध्याकाळी हिशेब विभागाचं नेटवर्क लंगडायला लागलं. तरुण स्क्रीनकडे बघत राहिला. स्विचने त्याला चार पर्याय दिले नव्हते. पारखीने लॉगची एक ओळ वाचली. ट्रंकच्या एका टोकाला नेटिव्ह व्हीलॅन १, दुसऱ्या टोकाला ९९. एका कमांडचं काम. दुसऱ्या दिवशी आभाराची मेल 'आपल्या प्रमाणित टीम'ला गेली, आणि बढतीच्या यादीत सर्टिफिकेट नसलेल्याचं नाव कुठून येणार?

कुरकुरत का होईना, एक गोष्ट कबूल करायला हवी. बार्शीहून, संगमनेरहून येऊन कॉटबेसिसवर राहणाऱ्या पोरांना ही महागडी पुस्तकं फुकट वाचायला देणारा हा एकच इसम आहे. डम्पचं नाव काढलं की तो त्यांना हाकलतो, आणि रविवारी पुन्हा बोलावून पॅकेट ट्रेसरवर तीन-तीन तास बसवतो. पुस्तकं परत येतात तेव्हा कव्हर फाटलेलं असतं. तो नवं घालतो, बोलत काही नाही.

परवा त्यांतलाच एक पास होऊन पेढे घेऊन आला. पेपर कसा होता, यावर म्हणाला, "सर, प्रश्न सांगायचे नाहीत, तशी अट मान्य केलीये." पारखी खूश झाला. मग नेहमीचा प्रश्न : पुस्तक कुठलं कामाला आलं?

"पुस्तक असं नाही सर. तुम्ही शेजारी बसून करून घेतलंत ना, तेच."

पारखी वैतागला. तुलनेच्या तक्त्यात असा रकानाच नव्हता. "ते सोड," म्हणाला, "दुसऱ्या खंडातली कुठली प्रकरणं गाळलीस तेवढं सांग."