ऑक्टाकाका

गोराईच्या म्हाडा वसाहतीत प्रत्येक सोसायटीला एक सेक्रेटरी असतो, एक खजिनदार असतो, उद्या पाणी येणार की नाही हे आदल्या रात्रीच ठाऊक असलेला एक गृहस्थ असतो आणि एक कॉम्प्युटरवाला असतो. पहिल्या दोघांना हातापाया पडून उभं करावं लागतं. उरलेले दोघे बिनविरोध निवडून येतात आणि मरेपर्यंत राजीनामा देत नाहीत.

आमच्या सोसायटीतल्या कॉम्प्युटरवाल्याचं खरं नाव मतदार यादीत आहे, पण ते तिथेच राहिलं. २००६ साली ‘कोअर टू ड्युओ’ हा दोन कोअरचा, म्हणजे आत काम करणारे दोन मेंदू असलेला प्रोसेसर आला तेव्हा त्याने नोकरीतला पहिला बोनस त्यात घातला आणि वसाहतीत तो ‘ड्युअलदादा’ झाला. पुढे दोनाचे चार कोअर झाले, लग्नही झालं, तेव्हा पोरं ‘क्वाडभाऊ’ म्हणू लागली. २०११ साली आठ कोअरचा पहिला घरगुती प्रोसेसर बाजारात आला, तो आमच्या वसाहतीत सर्वांत आधी याच्याकडे पोचला. तोवर डोक्यावरचे केसही बरेच हलके झाले होते, त्यामुळे ‘ऑक्टाकाका’ हे नाव दोन्ही बाजूंनी बसलं. सध्या त्यांच्याकडे सोळा कोअर आहेत. पण त्या हिशेबाने आता ‘आजोबा’ म्हणावं लागेल, आणि त्याला काकूंची सक्त मनाई आहे.

ऑक्टाकाकांचा जगाला एकच प्रश्न असतो : “किती कोअर?” कुणी नवा फोन घेतला, किती कोअर? कुणी टीव्ही घेतला, त्यातही किती कोअर? समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला आयटीतलं स्थळ सांगून आलं. मुलाचा पगार, घर, गोत्र वगैरे किरकोळ चौकशी उरकून सगळे कांदेपोह्यांकडे वळणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “लॅपटॉप किती कोअरचा आहे विचारलंत का?” मुलगा ‘चार’ म्हणाला. काकांनी फक्त “हं” केलं. ते “हं” एवढं जड होतं की मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचं म्हणणं साधं आहे. एक माणूस भिंत बांधतोय, दोन लावले तर निम्म्या वेळात होते, आठ लावले तर आठपट पटकन. गेमचंही तसंच. या गणितात कुठे चूक आहे हे दाखवायला गेलं की ते म्हणतात, “आजच्या गेमचं बोलू नका. पुढे ज्या येणार आहेत त्यांच्यासाठी घेऊन ठेवलाय.”

ही ‘पुढे येणारी गेम’ म्हणजे ऑक्टाकाकांचं पंढरपूर. ती काही सगळी भाकड कथा नाही, हे मला मान्य करावं लागेल. कोअर वाढले ते कंपन्यांना हौस होती म्हणून नव्हे. २००४ पर्यंत एकच प्रोसेसर जास्तीत जास्त वेगाने पळवायची चढाओढ होती. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला आणि पुढे उष्णता आवरेना. चार गिगाहर्ट्‌झचा जाहीर केलेला चिप इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. एकाला पळवता येत नाही म्हटल्यावर दोन शेजारी शेजारी बसवले. म्हणजे गेम लिहिणाऱ्यांनी मागितले नव्हते, त्यांच्या गळ्यात पडले. ‘क्वेक थ्री’सारखी एखादी गेम १९९९ सालीच दोन प्रोसेसर वापरायला तयार होती, पण तेव्हा घरी दोन प्रोसेसर होते कुणाच्या? आणि घरोघरी दोन-दोन आले तेव्हा बहुतेक गेम एकावरच चालत होत्या. २००७ च्या ‘क्रायसिस’ने भलेभले कॉम्प्युटर गुडघ्यावर आणले. क्वाडभाऊ चार कोअर घेऊन तिच्यासमोर उभे राहिले, तर तिने एकाकडून ढोरमेहनत करून घेतली आणि बाकीच्यांना जवळजवळ बसवूनच ठेवलं.

मग काळ बदलला. २०१३ मध्ये प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वन ही दोन्ही यंत्रं आठ-आठ कोअर घेऊन आली. ते आठही कोअर तसे अशक्तच, त्यामुळे कामं वाटून दिल्याशिवाय गेमवाल्यांना गत्यंतर उरलं नाही. २०१४ ची ‘फार क्राय फोर’ तर दोन कोअरच्या कॉम्प्युटरवर सुरूच होईना, नुसता काळा पडदा. ती बातमी वाचून ऑक्टाकाकांनी आख्ख्या चाळवजा गल्लीला पेढे वाटले. पेढे संपायच्या आत ते सोळाची चौकशी करू लागले होते. त्यांची अडचण हीच आहे. गेम धापा टाकत त्यांच्यापर्यंत येऊन पोचतात, तोवर हे पुढच्या स्टेशनवर उतरलेले असतात.

स्टेशनवरून आठवलं. खरेदीला काका ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातच जातात. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे त्यांना कळतं, पण “माल हातात घेऊन बघितला पाहिजे” हा मासळीबाजारातला नियम ते प्रोसेसरलाही लावतात. डबी उघडून, तो टिचभर चौकोन उजेडात धरून, खालचे सोनेरी ठिपके पाहतात. वास घेत नाहीत एवढंच. बोरिवलीहून ग्रँट रोडला फास्ट गाडी थांबत नाही. दादरला बदलली तर थोडा वेळ वाचतो, पण काका बोरिवलीला स्लो गाडीत खिडकी पकडतात आणि एकेक स्टेशन मोजत जातात. परतीच्या सबंध वाटेवर मांडीवरच्या खोक्यातला जिन्नस सेकंदाला किती अब्ज कामं करतो हे शेजारच्या प्रवाशाला सांगतात.

आता हे सोळा कोअर घेऊन काका खेळतात काय? तर ‘प्रोजेक्ट आयजीआय’. ही गेम २००० सालची. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून जी आपण सगळे खेळलो, बर्फात रायफल घेऊन कुंपण ओलांडायचं आणि टॉवरवरच्या पहारेकऱ्याने टिपलं की मोहीम पहिल्यापासून, कारण मध्ये सेव्ह करायची सोयच नाही, तीच ती. काका तिसऱ्या मोहिमेच्या पुढे गेलेले कुणी पाहिलेले नाहीत. त्यांचं लक्ष मुळात तिथे नसतंच. त्यांनी दुसरा मॉनिटर लावलाय आणि त्यावर टास्क मॅनेजर उघडा असतो. प्रत्येक कोअर तिथे दोन म्हणून दिसतो, म्हणजे ३२ चौकोन. काका एका डोळ्याने पहारेकऱ्याकडे आणि दुसऱ्याने चौकोनांकडे बघतात. साहजिकच पहारेकरी जिंकतो.

गंमत अशी की ही म्हातारी गेम एका कोअरपुरतंच काम काढते. पण विंडोज ते एकच काम कधी या कोअरला देतं, कधी त्या. त्यामुळे ३२ चौकोनांत थोडं इथे, थोडं तिथे, असे उंचवटे उठत राहतात. काका मला हाताला धरून दाखवतात. “बघा! सगळे लागलेत कामाला!” खाली कोपऱ्यात एकूण वापर लिहिलेला असतो : ३ टक्के. तो आकडा ज्या ठिकाणी येतो नेमक्या तिथे त्यांनी सोसायटीच्या गणपतीचा स्टिकर लावलाय. मुद्दाम नसेल. गणपतीला जागा लागतेच.

२०१७ साली मात्र त्यांना एक धक्का बसला. एएमडीने थ्रेडरिपर नावाचा सोळा कोअरचा दांडगा प्रोसेसर काढला, आणि त्यासोबत ‘गेम मोड’ म्हणून एक सोय दिली. काकांनी आनंदाने वाचायला घेतलं. गेम मोड लावला की काय होतं? तर निम्मे कोअर बंद होतात. काही गेम एवढी गर्दी बघून गांगरायच्या, सुरूच व्हायच्या नाहीत, आणि बऱ्याच गेम आठांवरच जास्त बऱ्या चालायच्या. पैसे मोजायचे सोळाचे आणि खेळायला बसताना आठांना घरी पाठवायचं! काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकू सांगतात. वर असंही सांगतात की घरात एकाच वेळी दोन कामं सांगितली तर काका स्वतः गेम मोडमध्ये जातात.

त्यांच्या सल्ल्याने सर्वांत जास्त पोळले ते मागच्या गल्लीतले पोस्टातले गृहस्थ. मुलगा बारावी झाला, इंजिनिअरिंगला लागला. ‘अभ्यासाला’ कॉम्प्युटर हवा. बजेट पन्नास हजार. पोराला खेळायला ग्राफिक कार्ड हवं होतं, कारण चित्रं रंगवायचं सगळं ओझं त्याच्यावर असतं हे आजकाल आठवीतल्या पोरालाही माहीत आहे. काकांनी त्याला गप्प बसवलं. “कार्ड काय, कधीही घेता येतं. पाया भक्कम घाल.” निम्म्याहून जास्त रक्कम प्रोसेसरमध्ये गेली, उरलेली बोर्ड, मेमरी आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये. रविवारी सगळं कुटुंब जमलं, काकूंनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, बटण दाबलं. पंखे फिरले, सात रंगांचे दिवे लागले, आणि स्क्रीन काळाच. केबल बदलली, मॉनिटर बदलला, प्लग बदलला. शेवटी कळलं ते असं की या जातीच्या प्रोसेसरच्या पोटात चित्र दाखवायची सोयच नसते. कार्ड नाही म्हणजे आत्मा आहे, पण दर्शन नाही. पुढचे तीन पगार होईपर्यंत तो कॉम्प्युटर हॉलमध्ये दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा लुकलुकत राहिला आणि पोरगा कॉटवर लोळून बापाच्या फोनवर बीजीएमआय खेळला. काका एकदा डोकावले, फोन उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “आठ कोअर आहेत. बरा चाललाय.”

काकांशी बरोबरीने बोलू शकते ती आमच्या मजल्यावरची एक मुलगी. पुण्यात गेमच्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे, गणपतीला घरी येते. गेल्या गणपतीत आरतीनंतर काकांनी तिला मंडपातच गाठलं. “काय गं, तुम्ही लोक सगळे कोअर का वापरत नाही? आळस करता?”

ती म्हणाली, “काका, खाडीपलीकडे विपश्यना पॅगोडाला शंभर माणसं न्यायची आहेत. स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा किती लावाल?”

“वीस लावीन.”

“लावा. पण खाडीत होडी एकच आहे. वीस रिक्षा आल्या तरी माणसं जेट्टीवर उभीच. पलीकडचे रिक्षावालेही झोपा काढताहेत.”

मग तिने सांगितलं की आवाज, फाइली उघडणं, पात्रांच्या हालचाली, पडणं-आपटणं ही रिक्षांची कामं, ती वाटून देता येतात आणि आता देतातही. पण तुम्ही बटण दाबलंत, त्यावरून गेमच्या जगात काय घडलं, आणि त्यावरून पुढचं चित्र काय काढायचं, हे एकामागून एकच होतं. आणि सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर दर चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात, त्यात होडीची खेप झालीच पाहिजे.

काका उसळले. “मग दुसरी होडी सोडा!”

“पहिली पलीकडे पोचून काय झालं ते कळल्याशिवाय दुसरीत कुणाला बसवायचं हेच ठरत नाही ना.”

“मग होडीचं इंजिन दणकट करा!”

“काका, हेच तर मी मघापासून सांगतेय. कोअर मोजू नका, एकेक कोअर किती जलद आहे ते बघा. २०२२ मध्ये आठ कोअरचाच एक चिप आला, नुसती आतली कॅश मेमरी ९६ मेगाबाइट केली होती. गेममध्ये त्याने त्याच कंपनीच्या सोळा कोअरवाल्याला मागे टाकलं.”

मग तिने वर्गणीच्या पावतीच्या पाठीवर जीन आमडाल या इंजिनिअरचं १९६७ सालचं गणित मांडलं. समजा, कामाचा ४० टक्के भाग वाटताच येत नाही. मग आठ कोअरनी वेग २.१ पट होतो, सोळांनी २.३ पट, आणि हजारो लावले तरी अडीचपटीच्या वर जात नाही. काकांनी पावती चष्म्याजवळ धरली. मोदक संपेपर्यंत बघत राहिले.

“म्हणजे आठाचे सोळा केले की २.१ चं २.३ होतं?”

“हो.”

“वाढलं ना पण?”

ती हात जोडून प्रसाद वाटायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी काका वसाहतभर सांगत होते की खरं इंजिन दणकट लागतं, हे पुण्याच्या त्या पोरीला आपणच समजावून सांगितलं.

मागच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, नवा घ्यायचा ठराव आला. काका उभे राहिले आणि त्यांनी चोवीस कोअरचं कोटेशन टेबलावर ठेवलं. खजिनदारांनी रक्कम वाचून चष्मा काढला.

“अहो, आपल्याला मेंटेनन्सची बिलं छापायचीत. त्याला किती कोअर लागतात?”

“लागतो एकच,” काका म्हणाले. “पण पुढे...”

पुढे काय ते कुणी ऐकलं नाही, कारण कुणीतरी गळक्या टाकीचा विषय काढला आणि सभा तिकडे गेली. कॉम्प्युटरचा ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. सगळ्यांना वाटलं काका रागावणार. ते उलट खुशीत घडी घालून कोटेशन खिशात ठेवत होते.

“बरंच झालं,” मला म्हणाले, “पुढच्या सभेपर्यंत बत्तीसवाला उतरेल.”