काटा नाचू लागल्यावर काय करावे (नवशिक्या चालकांसाठी)

टेम्परेचरचा काटा हलताना दिसला की नवशिक्याने सर्वप्रथम काचेवर टिचकी मारावी. त्याने काही होत नाही, पण मागच्या सीटवरच्या मंडळींना आपल्याला गाडीतलं कळतं असं वाटतं. मग एसी बंद करावा. इथे मंडळींचा विश्वास उडतो.

समजा, मे महिन्यात पाच जण आणि डब्यांची पिशवी घेऊन तुम्ही नगरहून कल्याण रस्त्याने हिवरे बाजार बघायला निघालात. काटा मधूनच उठतो, लाल रेघेला शिवतो, परत खाली येतो. मागून काका सांगतात, "काही नाही रे, सेन्सर गेलाय." हे निदान फार लोकप्रिय आहे, कारण त्यात लगेच कुणालाच काही करावं लागत नाही. तुम्ही हीटर फुल्ल करा. हो, हीटरच. तो इंजिनची उष्णता घेणारा छोटा जादा रेडिएटर असतो. संसार किती मुरलाय ते याच वेळी कळतं. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

बोनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हे थट्टेत घेऊ नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. फडकं गुंडाळून झाकण उघडणारे शूरवीर असतात. त्यांच्या हातांकडे बघावं. इंजिन निवेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी, थांबायचं.

तेवढ्यात जिथे निघालात त्या गावाबद्दल मंडळींना सांगून टाका. हिवरे बाजारात वर्षाचा पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळानंतर कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडली होती. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदानाने डोंगरावर चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. आपल्याला कामाचा आहे तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. ऊस आणि केळीला मनाई. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याच्या पिकाचा नाद सोडायचा. अख्खं गाव एवढा हिशेब ठेवतं. तुमच्या कुलंटच्या बाटलीवर कंपनीने फक्त दोन रेघा मारून दिल्यात, मिन आणि मॅक्स. त्या शेवटच्या कधी बघितल्यात? शोरूममध्ये, पेढे वाटले त्या दिवशी.

बाटली रिकामी निघाली तर निम्मं निदान झालंच. कुलंट कमी झालं की आत हवा शिरते. सेन्सरभोवती घटकेत पाणी, घटकेत वाफेचा बुडबुडा, आणि बिचारा काटा दोघांवरही विश्वास ठेवतो. निवल्यावर कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. अडीनडीला पिण्याचं साधं पाणी चालतं, पण बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. (हिवरे बाजारात शेतीसाठीही बोअरला बंदी आहे, तेव्हा रेडिएटरने रुसू नये.) नंतर गॅरेजमध्ये हवा काढून घ्या आणि पाणी गेलं कुठे ते शोधा: होस पाइपच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचा ओघळ, रेडिएटरवरचे हिरवे-गुलाबी डाग. डाग कुठेच नाही आणि पाणी मात्र रोज घटतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशा वेळी मेकॅनिकच्या आधी पासबुक बघावं.

पाणी पुरेसं असूनही नाच चालूच असेल, तर तो कधी चालतो ते बघा. सिग्नलला चढतो आणि गाडी पळाली की उतरतो, म्हणजे फॅन वेळेवर लागत नाही. माळशेज घाटात चढतो आणि सपाटीला उतरतो, म्हणजे रेडिएटर चोंदलाय. टुणकन तळाला आणि टुणकन टोकाला जातो, म्हणजे वायर, अर्थिंग किंवा खरोखरच सेन्सर. इथे काका जिंकतात. अभिनंदन करून लगेच विषय बदला.

उरला थर्मोस्टॅट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत नुसता व्हॉल्व्ह. त्यात मेण असतं; बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ते फुगतं आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. अडकत अडकत उघडणारा व्हॉल्व्ह काट्याला झोके देतो. तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि गॅस पेटवा. पाण्याला उकळी फुटायच्या आत उघडला तर ठीक. पातेलं चहाचं घेऊ नका. "काढूनच टाकू की, आपल्याकडं काय बर्फ पडतो?" असं सांगणारा मिस्त्री भेटेलच. त्याला नाही म्हणा. व्हॉल्व्ह नसला की इंजिन तापायला उशीर लावतं, तेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल. त्या मालकांना टिचकी मारायची सोय नाही. लाल लागला की हीटर-बिटरच्या भानगडीत न पडता तिथल्या तिथे थांबायचं.