टपावरचा अनुस्वार

आमच्या दारावर नवी पाटी लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला मुलगा आला. पाटीकडे बघून म्हणाला, "पडीत इथंच का?"

"पडीत नाही, पंडित," मी म्हणालो.

"लिहिलंय तसं वाचलं, साहेब." पार्सल हातात देताना त्यानं घरात अशी नजर टाकली, जशी शेतकरी चार वर्षं नांगर न लागलेल्या वावराकडे टाकतो. मी लिहिणारा माणूस. लिहिणाऱ्याच्याच दारावर 'पडित' असं कोरलेलं असलं की वेगळ्या टीकाकाराची गरज उरत नाही.

पाटी जाळीकाकांनी केलेली. जाळीकाका कोण, हे सांगत बसत नाही. तुमच्याही इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते आहेतच. निवृत्तीनंतर काही माणसं देवाला लागतात, काही शेअर बाजाराला आणि काही लाकडाला. या तिसऱ्या प्रकारात बाल्कनीतल्या कुंड्या गच्चीवर जातात, त्यांच्या जागी एक यंत्र येतं, काकूंच्या कुरडयांवर भुसा बसायला लागतो आणि वर्षभरात जिन्यातल्या दारादारावर लाकडी नक्षी लटकते. नको म्हणण्याची सोय नसते, कारण ती फुकट असते.

यंत्राचं नाव स्क्रोल सॉ. काकांनी ते मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलं आणि डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसले, हे ते अजून सांगतात. शिवणयंत्राचं करवतीशी लग्न लागलं तर जे अपत्य होईल, तसं ते दिसतं. खाली लोखंडी टेबल, वरून पुढे आलेला हात आणि दोघांच्या मध्ये ताणून बसवलेली पाच इंची पाती, जाड दोऱ्याएवढी, दात खाली वळलेले. ती मिनिटाला हजारबाराशे वेळा खालीवर होते. तिला वळवायचं नसतं, फळीला वळवायचं असतं. पाती ताणून झाली की काका तिला नखानं छेडतात आणि कान लावतात. स्वच्छ 'टिंग' आलं तर काम सुरू. 'टुंग' आलं तर पुन्हा पिळायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी तंबोरा जुळवताहेत. अर्धा तास झाला तरी गाणं सुरू होईना, तेव्हा मी बाल्कनीतून डोकावलो. तिथून ही ओळख वाढली. डोकावलो नसतो तर आज माझं आडनाव धड असतं.

आता अनुस्वाराचं. काकांच्या कलेचा कायदा एकच आहे: "एक फळी, एक नाव. जोड नाही, गोंद नाही." सागवानाची एक फळी घ्यायची, नावाचा कागद तिच्यावर चिकटवायचा, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारायची म्हणजे लाकूड करपत नाही, आणि नाव अख्खं एकसंध कापून काढायचं. मागे पाठफळी नाही. नाव हवेत उभं राहिलं पाहिजे.

"हे मराठीतच जमतं," काका सांगतात. "इंग्रजीला शिरोरेषा नाही. साहेबाची अक्षरं कापली की एकेकटी खाली पडतात. आपली बघा, वरच्या दांडीला धरून उभी. आठ-बाराच्या फास्टमधल्या माणसांसारखी. कितीही हलवा, एक सुटायचं नाही."

"आणि अनुस्वार?"

काकांचा चेहरा पडला. "तो टपावर बसतो. टपावरचा पडणारच."

पडलेला अनुस्वार काका टाकत मात्र नाहीत. प्रत्येक नावातून गळलेलं टिंब उचलून, पॉलिश पेपरनं गोल करून, ते हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत टाकतात. यंत्राशेजारी ती बरणी असते. तिच्यात चवळीच्या दाण्याएवढी पन्नासेक टिंबं, सागवानी, शिसवी, फणसाची. बघणाऱ्याला वाटतं, काकूंनी उसळीसाठी काही ठेवलंय.

मी सुचवलं, टिंब शिरोरेषेला बारीक काडीनं जोडा. काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी तानपुऱ्याला बॅटरी लावा म्हणालो. "टिंबाला देठ कुठे असतो?" मी म्हटलं, मग मागे फळी लावून चिकटवा. ते म्हणाले, "चिकटवायचंच असतं तर मी यंत्र कशाला घेतलं असतं? फेविकॉलचा डबा घेतला असता."

या तत्त्वनिष्ठेची झळ आमच्या सोसायटीला फार लागली. तळमजल्यावरच्या पंतांच्या दारावर 'पत' आली. त्यांनी दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवलेला, त्यामुळे सेक्रेटरींना ती पाटी रोज जाताना टोचायची. तिसऱ्या मजल्यावरचे चिंतामणी आजोबा पंचाऐंशीचे. त्यांच्यासाठी काकांनी खास शिसवीत 'चितामणी' कोरलं. चिता आणि चिंता यांच्यात टिंबाचाच काय तो फरक, हे आजोबा लहानपणापासून ऐकत आलेले, पण तो फरक कोणी दारावर खिळ्यानं ठोकेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पाटी त्यांनी फडताळात ठेवली. "वेळ आली की लावू," म्हणाले. आणि काकांनी स्वतःच्या दारावर ॐ लावला. चंद्रकोर आणि टिंब दोन्ही बरणीत गेल्यावर जे उरलं, ते वाचून पोस्टमन तीस नंबरच्या फ्लॅटची सगळी टपालं काकांकडे टाकू लागला.

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सोसायटीच्या गणपतीचं मखर अडलं. काका पुढे झाले. चार खांबांवर 'मंगलमूर्ती' हवं होतं. पातळ प्लायचे चार तुकडे एकावर एक चिकटपट्टीनं बांधून एकदम कापायची युक्ती या कलेत आहे. वेळ वाचतो, चारही प्रती हुबेहूब निघतात. तशा निघाल्या. चारही खांबांवर हुबेहूब 'मगलमूर्ती'. आरतीला उभ्या राहिलेल्या एका मुलानं मोठ्यानं वाचलं आणि आईचा धपाटा खाल्ला, मराठीच्या बाईंनी शिकवलं ते खरं मानल्याबद्दल.

कोणी फारच बोललं की काका इतिहास काढतात. "1962 साली साहित्य महामंडळानं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले की नाही? मी पुढचं पाऊल टाकलंय." हे ते हसत सांगतात, पण आत एक जुना वळ आहे. काका तेव्हा अकरा वर्षांचे. "आधी टिंब दिलं नाही म्हणून छड्या खाल्ल्या," ते म्हणतात, "नियम बदलले तसं टिंब दिलं म्हणून खाल्ल्या. छडी तीच, मास्तर तेच, बाजू तेवढी बदलली."

लोकांना ते स्वभावानं ओळखत नाहीत, भोकांनी ओळखतात. अक्षराच्या पोटातली बंद जागा म्हणजे भोक. तिच्यासाठी आधी ड्रिलनं बारीक छिद्र, मग पाती वरून सोडवायची, छिद्रातून ओवायची, पुन्हा अडकवायची, पुन्हा 'टिंग'. 'व'ला एक भोक, 'ब'ला आडवी काडी असल्यामुळे दोन. "बबनराव माणूस चांगला," काका सांगतात, "पण पाच भोकांचा." रखवालदार राजूच्या नावात एकही भोक नाही आणि अनुस्वारही नाही. त्याला पाटी काकांनी न मागता करून दिली. बिचाऱ्याला दार नव्हतं. त्यानं ती केबिनमध्ये पंख्याखाली टांगली. सोसायटीत निर्दोष म्हणावी अशी ती एकच पाटी.

एकदा काकांनी नातवासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं कोडं करायला घेतलं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं 1760 च्या दशकात फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि त्यातून चित्रकोडी सुरू झाली, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. पस्तीस जिल्हे कापून, घासून, जवसाचं तेल लावून झाले, आणि 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. सगळा जिल्हा आनंदात, काका बाल्कनीत कपाळाला हात लावून. मग त्यांनी ठाण्याचा तुकडा यंत्राखाली घेतला. "सरकारला किती वर्षं लागली बघा," म्हणाले, "मला चार मिनिटं." नातवानं मात्र त्याच संध्याकाळी मुंबई शहर सोफ्याखाली घालवलं. 1960 साली एवढ्या झगड्यानंतर मुंबईसह मिळालेला महाराष्ट्र काकांच्या घरी त्या दिवसापासून मुंबईविना आहे. "टोकावरचा एवढासा तुकडा," काका म्हणाले, "अनुस्वारच तो. राहणार कसा?"

काकांवर मी हे सगळं कुठेतरी लिहिणार हे नक्की होतं, आणि ते खवटपणेच लिहिणार होतो. काकूंनी घोटाळा केला.

एका दुपारी काका लाकूडवखारीत गेलेले. काकूंनी चहा दिला. चहावर भुशाची साय होती. मी बरणीकडे बघून काही तरी बोललो असेन. काकू म्हणाल्या, "हसा तुम्ही. पण अडतीस वर्षांत यांनी एक टिंब गाळलं नाही हो."

जाळीकाका तारखात्यात होते, हे मला ठाऊक होतं. तारखातं म्हणजे टिंब आणि रेघ, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मोर्समध्ये तीन टिंबांचा एस. एक गळलं की आय. आणखी एक गळलं की ई. कोण आजारी, कोण गेलं, कोणाला मुलगा झाला, हे सगळं त्या टिंबांवर. उमेदवारीच्या काळात रात्री झोपेतही काकांचं बोट चादरीवर वाजायचं, असं काकू म्हणाल्या. 14 जुलै 2013 ला देशातली तारसेवा शेवटची चालली. त्या दिवशी निवृत्त झालेले काका रांगेत उभे राहून काकूंना तार करून आले. "काय लिहिलं होतं?" मी विचारलं. "जेवायला येतोय," काकू म्हणाल्या. "तार दुसऱ्या दिवशी आली. हे आधीच जेवून झोपले होते." पुढच्याच महिन्यात ते नागदेवीला गेले.

मी चहा भुशासकट प्यालो.

गेल्या वर्षी सोसायटीनं ठराव केला: सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर सोनेरी अक्षरं, लेझरनं कापलेली. काका सभेत काही बोलले नाहीत. लेझरला पाती नसते, ताणावं लागत नाही, भोकांचा हिशोब नसतो. पंधरवड्यात छत्तीस पाट्या आल्या. पंतांना अनुस्वार मिळाला, चिंतामणी आजोबांना मिळाला, मी दहा वर्षांनी पुन्हा पंडित झालो. जुनी पाटी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. फेकली नाही, एवढं माझ्या बाजूनं नमूद करतो.

मग मे महिना आला. आमचे दरवाजे पश्चिमेला. अक्षरं मोठी होती, ती तगली. टिंबं लेझरनं वेगळी कापून वरून चिकटवलेली. दुपारच्या उन्हात डिंक सुटला आणि एकेक टिंब जिन्यात पडू लागलं. झाडूवाल्या मावशींनी केरात भरून नेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुरिअरवाला आला. मुलगा वेगळा, प्रश्न तोच. "पडीत इथंच का?"

त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. एका हातात हॉर्लिक्सची बरणी, दुसऱ्यात स्टूल.

"तुमचं टिंब," ते म्हणाले. "माझ्याकडे राहिलं होतं."

बरणीत हात घालून त्यांनी एक दाणा काढला, उजेडाकडे धरला, परत टाकला, दुसरा काढला. "हा. तुमचा फणसाचा होता." मग खिशातून फेविक्विकची नळी काढली. मी टिंबाकडे बघायचं सोडून त्या नळीकडे बघत राहिलो.

"तिकडे बघू नका," काका म्हणाले.

स्टुलावर चढून त्यांनी टिंब बसवलं आणि अंगठ्यानं दाबून तीसपर्यंत मोजलं. हात थोडा कापत होता, पण बोट हललं नाही. सोनेरी नावावर तो पिवळट तपकिरी दाणा जरा मोठाच दिसतो, बाळाला लावलेल्या तिटेसारखा. अक्षरं कारखान्याची, टिंब तेवढं डोंबिवलीचं.

"बसा, चहा घ्या," मी म्हटलं.

"नको. चिंतामणी आजोबांकडे जायचंय. खरं तर त्यांच्याकडे आधी जायला हवं होतं." आणि स्टूल उचलून ते जिना चढू लागले.

त्या रात्री छत्तीसपैकी जेवढ्या नावांना टिंब लागत होतं तेवढी सगळी पुरी झाली. बरणीत तरीही मूठभर दाणे उरले आहेत. घरं विकून गेलेल्यांचे, मुलांकडे परदेशी गेलेल्यांचे. चौथ्या मजल्यावरचे वसंतराव मुलाकडे कॅनडाला गेले ते लाकडी पाटी बॅगेत घालून. तिकडे बर्फातल्या कुठल्याशा दारावर ते 'वसतराव' आहेत. त्यांचा अनुस्वार इकडे हॉर्लिक्सच्या बरणीत आहे. शिसवीचा. काकांना विचारलं तर पहिल्याच हाताला काढून दाखवतात.