पोटावर सही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सचिवांनी लिहिलं, ‘उद्या सकाळी दहा ते चार पाणी येणार नाही, भरून ठेवावे.’ त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या मिनिटाच्या आत, काकांचा धीवर येऊन बसला. चोचीत मासा, पंखांवर थेंब आणि खाली एकच शब्द : ‘संयम.’ मग पटापट अंगठे उमटले. ते सगळे पाण्याच्या निरोपासाठी होते. काकांनी मात्र अंगठा देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र ‘मनःपूर्वक आभार’ पाठवले. बी विंगमधल्या एकाने ‘टँकर मागवणार का?’ असं विचारलं होतं, त्यालाही आभार गेले.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. कुठे तो जलरंगात होड्या काढतो, कुठे सूर्यास्त टिपतो, कुठे नातवाच्या टॅबवर बोटाने गणपती रेखाटतो. पण चित्र पुरं झालं म्हणून त्याचं काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. चित्र चारचौघांच्या फोनवर पोचलं पाहिजे, चारचौघांनी ते बघितलं पाहिजे आणि बघितल्याचं कळवलंही पाहिजे. आमच्या काकांचा विषय पक्षी. नोकरी बँकेत झाली आणि तिचा बराचसा भाग लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रॅच्युइटीतून कॅमेरा आणि १५०-६०० ची लेन्स घेतली. दोन किलोच्या आसपास वजनाची ही लेन्स घरात आली तेव्हा काकूंना सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत यांत एका शून्याचा फरक होता. ते बिल एलआयसीच्या फायलीत, मुदत संपलेल्या पॉलिसीच्या मागे आहे. काकूंनी ते केव्हाच वाचलंय. त्या काही बोलत नाहीत, कारण त्याच आठवड्यात त्यांनी पैठणी घेतली होती.

काकांना खरं पाहायचं तर पहाटे, सिंहगडाच्या पायथ्याच्या व्हॅलीत. डबक्यासमोर पंधरा-वीस जण रांगेने बसलेले, बहुतेक साठीच्या पुढचे. पक्ष्यांना दिसू नये म्हणून अंगात झाडापानांच्या रंगाचा लष्करी शर्ट, तसलीच टोपी, तसलंच कापड लेन्सवरही चढवलेलं. आणि पाठीला मुलाच्या कंपनीत फुकट मिळालेली भगभगीत केशरी बॅग. हलायचं नाही, आवाज करायचा नाही, असा दंडक. तो पाळून सगळे कुजबुजत्या आवाजात गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत असतात. मग स्वर्गीय नर्तक येतो. पांढरा नर, शेपटीची दोन लांब पिसं मागे लहरताहेत. तो पाण्यावर झेपावतो, पोट भिजवतो आणि परत फांदीवर जातो, झालं. तेवढ्यात वीस कॅमेऱ्यांचे शटर एकदम तडतडतात. काका एका डुबकीचे शंभरेक फोटो काढतात. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी ते शंभरही मोठे करून बघायचे आणि डोळा शार्प आलेला एक ठेवायचा. डोळा हा त्यांचा धर्म आहे. पंख हलला तर गती दिसते, पाणी उडालं तर नाट्य येतं, पण डोळा हलला तर फोटो कचऱ्यात. डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका आला असेल तर काका काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावतात. काकू हात पुसत येतात, ‘छान आहे हो चिमणी’ म्हणतात आणि जातात.

अकरा वाजेपर्यंत तोच नर्तक, तोच दगड, तीच डुबकी वीस खात्यांवरून बाहेर पडलेली असते. आणि मग प्रत्येक जण उरलेल्या एकोणीस जणांना लिहितो : ‘अप्रतिम! काय टायमिंग साधलंत!’ तो पक्षी सगळ्यांच्या पुढ्यात एकाच क्षणी उडाला होता, हे कुणीच काढत नाही.

इथून पुढे आहेराचा व्यवहार. ज्याने आपल्या नर्तकाला लाइक दिला त्याच्या सुगरणीला आपण द्यायचाच. हे तर सगळेच करतात. पण काकांनी त्याची वही घातली आहे. बँकेची जुनी डायरी, त्यात दोन रकाने : आले, दिले. नुसता अंगठा म्हणजे रिकामं पाकीट. ‘नाइस’ म्हणजे अकरा रुपये. मराठीत दोन ओळी लिहिल्या तर ते भरजरी, त्याला तसंच उत्तर गेलं पाहिजे. तीन फोटोंत ज्याचं काही आलं नाही त्याच्या नावापुढे ‘थकीत’, आणि दिवाळीच्या शुभेच्छांच्या फोटोलाही जो फिरकला नाही तो ‘बुडीत’. मध्यंतरी जुन्या सहकाऱ्याच्या अमेरिकेतल्या मुलाने एका बैठकीत काकांचे तीस-चाळीस फोटो धडाधड लाइक केले. मी म्हटलं, ‘काका, चांगलं झालं की!’ तर चेहरा उतरलेला. ‘अहो, पण हे फेडायचं कसं? तो वर्षात दोन फोटो टाकतो. तेही बर्फाचे.’

ऑनलाइन फोटो टाकणाऱ्यांच्या या गावात काका जुने आहेत. फ्लिकर २००४ मध्ये सुरू झालं, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते तिथे गेले. २०१३ मध्ये फ्लिकरने प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली, तेव्हा काकांनी एकाच बगळ्याची सत्तर रूपं चढवली. मग मालकी बदलली आणि २०१९ पासून फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा आली. जास्तीचे काढा, नाहीतर आम्ही काढू. काका पंधरा दिवस जेवणावरून लवकर उठत होते. कुठला बगळा ठेवायचा, कुठला घालवायचा? शेवटी हजार उरले आणि ते खरोखर चांगले होते. काकांच्या कलेवर कुणी उपकार केला असेल तर तो त्या मर्यादेने, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

इन्स्टाग्रामशी त्यांचं भांडण वेगळं. सुरुवातीची वर्षं तिथे फक्त चौरस फोटो चालायचा. लांब शेपटीच्या पक्ष्यांवर हा अन्याय आहे, असं काका म्हणायचे. २०१५ मध्ये ती अट गेली, तरी प्रोफाइलवरची चौकट चौरसच राहिली. त्या चौकटीचा सूड म्हणून काकांनी राजगड केला. अख्ख्या गडाचं एक लांबरुंद छायाचित्र, त्याचे नऊ चौरस तुकडे, उलट्या क्रमाने एकेक टाकायचे, म्हणजे प्रोफाइल उघडल्यावर तीन ओळींत सलग राजगड दिसतो. दिसलाही. पण नवा एक फोटो टाकला की सगळा गड एक घर पुढे सरकायचा आणि बालेकिल्ला तुटून खालच्या ओळीत जायचा. गड शाबूत ठेवायचा तर फोटो टाकायचे तीन-तीन. तीन तयार होईपर्यंत काका तोंड दाबून बसायचे. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने ती चौरस घरंच उभट केली. सकाळी फोन उघडला तर प्रत्येक तुकड्याच्या कडा कापलेल्या, आणि संजीवनी माचीचं टोक गायब. ‘औरंगजेबाला जे सहज जमलं नाही ते यांनी एका रात्रीत केलं,’ एवढंच ते बोलले.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका जलरंगात वाडे रंगवतात आणि फोनने त्यांचा फोटो काढताना कागदावर स्वतःचीच सावली पाडतात. त्यांच्याशी काकांचं बरं आहे, कारण त्या लाइक चुकवत नाहीत. चौथ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी आयपॅडवर चित्रं काढते. काका तिला म्हणाले, ‘तुमचं काय, चुकलं की मागे जाता येतं.’ ती म्हणाली, ‘काका, तुम्ही शंभरातले नव्व्याण्णव उडवता, ते काय मग?’ त्यावर काका गप्प झाले आणि तेव्हापासून तिला ‘फार पुढे जाणार ही’ म्हणून ओळख करून देतात.

खरा घाव घातला तो यंत्राने. मार्च २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीने लोकांना जपानी घिबली सिनेमांच्या थाटाची चित्रं करून द्यायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात आमच्या वॉचमनसकट सगळी सोसायटी टपोऱ्या डोळ्यांची झाली. त्या चित्रांना पडलेले अंगठे काकांना वर्षभरात पडले नव्हते. तेही त्यांनी गिळलं. पण त्यानंतर त्यांनी भिगवणचा रोहित टाकला. उजनीच्या पाण्यात कमरेत वाकून, डासांना पोटभर रक्त पाजून मिळवलेला. गुलाबी पंख पूर्ण उघडलेला. त्याखाली सचिवांच्या मुलाने विचारलं, ‘काका, एआय का?’ काकांनी त्याच संध्याकाळी लॅपटॉप काखोटीला मारला आणि सचिवांच्या दारात जाऊन मूळ रॉ फाइल उघडून दाखवली. तारीख, वेळ, शटरचा वेग, सगळं. सचिवांच्या पत्नीने चहा टाकला. मुलगा क्लासला गेला होता.

मध्ये एकदा दहा-बारा जणांनी मिळून पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन भरवलं. मुंबईच्या जहांगीरला तारीख मिळायची तर काही वर्षं वाट बघावी लागते, आणि या मंडळींच्या वयाला असली आगाऊ नोंदणी परवडत नाही. नातेवाईक आले, पेढे झाले. अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिलं, ‘फोटो छान आहेत. एसी जास्त होता.’ काकांनी त्या पानाचाही फोटो काढून टाकला, एसीची ओळ कापून.

आता सहीबद्दल. आयुष्यभर खोट्या सह्या पकडलेल्या माणसाला चोरीची धास्ती असणारच. सुरुवातीला काका फोटोच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घालायचे. कुणीतरी म्हणालं, कोपरा काय, कापता येतो. मग नाव कोपऱ्यातून आत सरकलं, जाड झालं, तिरकं झालं, त्याच्यापुढे वर्तुळातला सी आला, मागे ‘फोटोग्राफी’ आलं. सध्या ते पक्ष्याच्या पोटावर असतं. घुबडाला तर ते छातीवरच्या बिल्ल्यागत शोभतं. सोसायटीत त्यांचं नावच वॉटरमार्क काका पडलं. आणि एवढा कडेकोट बंदोबस्त करूनही एक दुःख होतंच : चोरी होत नव्हती. ओळखीच्या एका फोटोग्राफरचा बिबट्या कुणीतरी कॅलेंडरवर परस्पर छापला, तर काका त्याला भेटायला गेले आणि येताना अगदी खिन्न होऊन आले. ‘त्याचं सोडा. बिबट्या चोरतातच लोक. वेडा राघू कोण चोरतो?’

गेल्या महिन्यात तो चोरला गेला. काकांच्या विहीणबाईंनी, सोलापूरहून, सकाळी पावणेसातला पाठवला. तारेवरचा वेडा राघू, चोचीत चतुर. काकांचाच, त्या चतुराचे पंख ते झोपेतही ओळखतील. पोट अशा बेताने कापलेलं की नाव गेलं आणि डोकं तेवढं राहिलं. भोवती चार लाल गुलाब, वर झळाळत्या अक्षरांत ‘सुप्रभात’, आणि खाली सुविचार : ‘जे पकडलंय ते सोडू नका.’

काका संतापले, आणि संतापून त्यांनी तो मजल्या-मजल्यावर जाऊन दाखवला. लिफ्टमध्ये दाखवला. दूधवाल्याला दाखवला. ‘बघा, काय दिवस आलेत!’ म्हणताना चेहरा असा की पेढे वाटायचे बाकी होते. मग चौकशी. विहीणबाईंना तो त्यांच्या भजनी मंडळाकडून आला होता. मंडळाला एका बाईंच्या नागपूरच्या जावेकडून. जावेला तिच्या डोंबिवलीच्या मैत्रिणीकडून. तारखा, वेळा, सगळं डायरीत उतरवत काका माग काढत गेले. डोंबिवलीच्या बाई म्हणाल्या, ‘मला पुण्याहून आला, आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. तुमच्याच मिसेसनी टाकलेला ना तो?’

मी त्या वेळी तिथेच चहा पीत होतो. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

‘तुमचं नाव आडवं येत होतं. बायका विचारायच्या, हे पोटावर काय लिहिलंय, औषधाची जाहिरात आहे का? म्हणून कापलं.’

‘अगं, पण ही चोरी आहे! कॉपीराइट म्हणून काही असतं!’

‘आमच्या माहेरी देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, छापलेली. माझ्या आजीने तिला जरीचा पदर चिकटवला, टिकल्या लावल्या. रविवर्मा नाही आला कधी भांडायला.’

ही गोष्ट खरी असणार. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देवदेवता घराघरांत पोचल्या. त्या छापील चित्रांना जर आणि टिकल्या लावण्याची हौस तेव्हा पुष्कळांना होती. काका लोहगडाला जाताना दर वेळी मळवलीला उतरतात, त्यांना हे सगळं माहीत आहे. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. डायरीत बघत राहिले.

मग जरा हळू आवाजात म्हणाले, ‘किती जणांकडे गेला असेल गं एकूण?’

‘मी काय मोजलंय? रोज टाकते मी एक. बायका वाट बघतात.’

‘रोज?’ काका खुर्चीत पुढे सरकले. ‘म्हणजे खंड्यापण गेला? आणि नर्तक?’

‘नर्तकाला मोगरा लावला होता.’

काकांनी पेन उघडलं, ‘आले’च्या रकान्यावर बोट ठेवलं, मिटलं, परत उघडलं. ‘बरं, ऐक. टाक तू. पण खाली बारीक अक्षरात माझं नाव घालायचं. पोटावर नको, कोपऱ्यात घाल.’

‘घालीन की,’ काकूंनी मेथीची जुडी सोडली. ‘पण मग शेजारी माझंही घालणार. गुलाब माझे आहेत.’