गिरणीत पुन्हा रातपाळी लागली म्हणे!

ऐकलंत का? लोअर परळला रात्री नऊनंतर पोरं-पोरी रांगा लावून उभी असतात म्हणे. लालबागच्या राजाच्या दर्शनाला नाही, म्हाडाच्या अर्जालाही नाही. गाणं ऐकायला! आणि तेही कोणाचं, तर अजय-अतुल नाहीत, अरिजित नाही. चार पोरांचा कुठलासा बँड, ज्याचं नाव घरी सांगितलं तर आई आधी स्पेलिंग विचारेल. तिकीट पाचशेपासून हजार-दीड हजारापर्यंत. त्या बदल्यात दारावरचा पहिलवान मनगटाला एक कागदी पट्टी चिकटवतो, बॅगेतली पाण्याची बाटली काढून घेतो आणि आत सोडतो. आत खुर्ची नाही. पुन्हा सांगते, खुर्ची नाही! हजार रुपये मोजून तीन तास उभं राहायचं. हेच कार्टं लग्नाच्या पंगतीत वाढायला उभं राहा म्हटलं की कंबर धरतं.

कुठल्या सिनेमातली गाणी, असं मी एकीला विचारलं. सिनेमातली नाहीतच, त्यांची स्वतःची आहेत, म्हणाली. म्हणजे पडद्यावर कोणी नाचत नाही, टीव्हीवर कोणी परीक्षक डोळे पुसत नाही, तरी लोक पैसे टाकून ऐकतात! हे ‘इंडी’ म्हणवणारे लोक गाणं स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, खिशातले पैसे घालून रेकॉर्ड करतात आणि कार्यक्रम संपला की घामेजल्या अंगाने कोपऱ्यातल्या टेबलामागे उभे राहून टी-शर्टही स्वतःच विकतात. मघाशी स्टेजवर गिटार बडवत डोळे मिटून बेंबीच्या देठापासून ओरडणारा गडी पाचच मिनिटांत ‘एल संपलाय, एक्सएल चालेल का?’ असं अदबीने विचारतो. कलावंताने काही आब राखायचा असतो की नाही?

पण चर्चा खरी रंगते ती जागेवरून. मथुरादास मिलचं आवार! १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या संपात गिरण्या थंडावल्या, त्या पुन्हा काही पहिल्यासारख्या धडधडल्या नाहीत. मग २००७ साली तिथे उघडला ‘ब्लू फ्रॉग’. आत गोल गोल कप्पे, पायरीपायरीने वर चढत गेलेले, कडांना दिवे, प्रत्येक कप्प्यात टेबल आणि सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. जेवायलाही तिथेच, ऐकायलाही तिथेच. ही थेरं काढणारे कोणी परदेशी असतील तर नावं ठेवायला बरं, म्हणून चौकशी केली. निघाले कोण? जाहिरात-सिनेमावाले महेश मथाई वगैरे मंडळी, आणि त्यांच्यात दोन संगीतकार: आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर. फाटक आणि घाणेकर! आता कोणाच्या नावाने बोटं मोडायची?

म्हणजे ज्या रस्त्याने आजोबा डबा घेऊन रातपाळीला जायचे, त्याच रस्त्याने नातू रात्री निघायचा आणि दोनला दबक्या पावलांनी परत यायचा. आजोबांना त्या पाळीचे पैसे मिळत. हा खिसा रिकामा करून येई. कानात शिट्टी वाजत राहायची ती मात्र दोघांच्याही. आजोबांची साच्यांमुळे, नातवाची स्पीकरमुळे.

बरं, गिरणगावात रात्री गाणं वाजलं म्हणून आभाळ कोसळायचं काही कारण नव्हतं. लालबागला हनुमान थिएटर होतंच की. ढोलकी, घुंगरू, शिट्ट्या, सगळं यथासांग. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक चाळीच्या मैदानात उभं राहिलं की गर्दी गॅलऱ्यांपर्यंत. त्यांनाही खुर्च्या कोणी मांडल्या नव्हत्या आणि त्यांचीही गाणी स्वतःचीच होती. तमाशाला जाणारा बाप घरी ‘युनियनची मीटिंग आहे’ सांगून सटकायचा. आजचं पोर ‘प्रोजेक्टचं काम आहे’ सांगतं. बहाण्यांच्या बाबतीत पिढी काही फार पुढे गेलेली दिसत नाही.

चर्चगेटची गोष्टही जुनीच, आणि याहून चविष्ट. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या गेलॉर्डसारख्या रेस्टॉरंटांतून जॅझचे बँड वाजायचे. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट, रात्री सूट चढवून क्लबात. त्यातले ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत. मग रामचंद्रांच्याच संगीताचा १९५१ चा ‘अलबेला’ आला, गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा पडद्यावर डुलले आणि अख्खा महाराष्ट्र डुलला. तेव्हा ज्या घरांत ‘क्लब’ हा शब्द उच्चारायची चोरी होती, त्याच घरांतल्या आज्या क्लबातल्या सुरांवर पोळ्या लाटत होत्या. कोणी त्यांना सांगितलं नाही म्हणून बरं.

आता आतलं सांगते. एक बँड आहे, नाव ‘भयानक मौत’. चेष्टा नाही, २००३ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेला आहे आणि मेटलवाल्यांत त्याला मान आहे. गायक गातो म्हणावं तर गळा खरवडतो, आणि ड्रमवाला असा सुटतो की पायाखालची फरशी दाणदाण हादरते. मग मधली गर्दी आपोआप फाकते, वर्तुळ मोकळं होतं आणि पोरं त्यात शिरून एकमेकांना खांद्याने धडका देतात. याला ‘मॉश पिट’ म्हणतात. आईबापांनी पाहिलं तर पोलिसांना फोन. पण खरा धक्का पुढे आहे. कोणी पडलं की धडका देणारेच चटकन थांबतात, काखेत हात घालून त्याला उभं करतात. कोणाचा चष्मा पडला तर एकजण तो हात उंच करून धरतो, मालक येईपर्यंत. काळ्या टी-शर्टवर कवट्या आणि वागणं असं! संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चष्मा पाडून बघा, मग बोलू.

दुसऱ्या टोकाला ती दिवाणखान्यातली मंडळी. ‘सोफार साउंड्स’ म्हणे. २००९ मध्ये लंडनला निघालं आणि पुढे मुंबईतही आलं. यात कार्यक्रम कोणाच्या घरात, गच्चीवर, ऑफिसात. पत्ता अगदी शेवटी कळवतात आणि कोण गाणार ते तिथे गेल्यावरच. अनोळखी माणसाच्या घरी रात्री जायचं, कशाला ते ठाऊक नाही! आतलं दृश्य तर विचारूच नका: साठ-सत्तर तरुण माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली, मोबाइल खिशात, आणि गाणं चालू असताना कोणी हूं की चूं करत नाही. दादरच्या खाजगी बैठकीत निदान ‘क्या बात है’ तरी म्हणतात.

सरकारने लक्ष घालायला नको का, असं तुम्ही म्हणाल. घातलंय हो, भरपूर घातलंय. आपल्या राज्यात बिअर-वाइनला वय एकवीस हवं आणि कडक दारूला पंचवीस. म्हणजे अठराव्या वर्षी मत द्या, मुलीने अठराव्या आणि मुलाने एकविसाव्या वर्षी लग्न करा, पण व्हिस्कीला थांबा. गोव्यात अठरा पुरे, म्हणून पोरं तिकडे पळतात. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचाही मिळतो आणि आजन्मसुद्धा. मग गाण्याचे परवाने. कार्यक्रमाचा वेगळा, वाजवलेल्या गाण्यांच्या हक्कांचा वेगळा. त्यात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम: उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले पंधरा दिवस काय ती बारापर्यंत मोकळीक. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्टाभोवती शंभर मीटर शांतता.

या शंभर मीटरनीच धोबी तलावचं रंगभवन गिळलं. आकाशाखालचं ते थिएटर. १९७८ ला सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रे’चं आणि १९८६ पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’चं हक्काचं ठिकाण. शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटलं, म्हणून गाणं थांबलं ते थांबलंच. नियम बरोबर आहे, आजारी माणसाला झोप हवी. पण दुसरी जागा द्यायची कोणाला सुचलं नाही. पोरं मग मॉलच्या गच्च्या आणि गिरण्यांच्या शेडमध्ये शिरली. त्यातली एक रात्र, २०१७ च्या डिसेंबरातली कमला मिलच्या आगीची, आठवली की थट्टा घशातच अडकते. चौदा जीव गेले. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी मागचं दार शोधते. तुम्हीही शोधा.

ब्लू फ्रॉगही २०१६ ला बंद पडला. या जागा अशा का मिटतात, त्याचा हिशोब एका क्लबवाल्याने मला समजावला. तिकिटाच्या पैशातून बँडचं मानधन आणि आवाजवाल्याचं बिल निघालं तर नशीब. भाडं निघतं बारवर आणि किचनवर. आणि मन लावून ऐकणारा श्रोता दोन तासांत एका बिअरच्या वर जात नाही! गाणं जितकं चांगलं, तितका गल्ला कमी. मग मालक हळूच बँडच्या जागी डीजे आणतो, कारण नाचणाऱ्याला तहान लागते. चिकन लॉलीपॉपच्या जिवावर कला तरली आहे, हे कुठे छापून येत नाही.

या सगळ्यात आपल्या मराठीचं काय, म्हणून गळा काढणाऱ्यांसाठीही बातमी आहे. मराठी आत शिरली, आणि चक्क वाजतगाजत. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ निघालं, तेही डच कंपनी स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. जिथे कालपर्यंत मराठीत फक्त पार्किंगवाला बोलायचा, तिथे अख्खा फ्लोअर मराठीत ओरडू लागला. अमराठी पोरं तर जास्तच जोरात, अर्थ न कळता. त्याआधीही ‘स्वदेसी’ ही मंडळी होतीच. त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि आरेचं जंगल वाचवायला त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. शाहिरी बंद पडली म्हणून परिसंवाद घेणाऱ्यांपैकी कोणी ते ऐकलं असेल, असं मला काही वाटत नाही.

आणि आता ताजं ताजं: भजन क्लबिंग! तसेच दिवे, तसाच साउंड, तशीच तरुण गर्दी, पण हातात चहा नाहीतर ताक आणि तोंडी हरिनाम. आमच्या सोसायटीत यावरून दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, बघा, पोरं मार्गाला लागली. दुसरा म्हणतो, भजनाला तिकीट? आमच्याकडे रात्रभर जागर व्हायचा, वर प्रसादाचा शिरा फुकट! ज्या काकांनी पबविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती, ते परवा लिफ्टमध्ये ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का, ते विचारत होते. आणि बसायला मिळतं का.

एका गोष्टीवर मात्र मी थट्टा न करता चिडणार आहे. मागच्या महिन्यातला प्रसंग. स्टेजवर एक मुलगी, हातात गिटार, साथीला फक्त चेलो. इतक्या हळू गात होती की तिचं बोट तारेवरून सरकल्याचा आवाज ऐकू यावा. यावा म्हणतेय, आला नाही. कारण बारपाशी उभा असलेला सहा-सात जणांचा घोळका पाठ फिरवून ठाण्यातल्या टू-बीएचकेचे भाव ठरवत होता. मध्येच एकाने फोन उंच धरून अर्ध्या मिनिटाची रील घेतली, त्यावर ‘सोलफुल’ असं लिहिलं आणि कार्पेट एरियाकडे परत वळला. पुढच्या पोरांनी दोनदा वळून ‘शू’ केलं. यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू उद्धट तीच! दारू पिऊन धडका देणारे शिस्तीत, आणि हे चाळिशीतले, इस्त्रीच्या शर्टातले सभ्य गृहस्थ बेशिस्त. काय दिवस आलेत!

त्यातला एक आपल्याच सोसायटीतला. नाव घेणार नाही, तसली सवय मला नाही. ‘सी’ विंग, चौथा मजला, लिफ्टच्या उजवीकडे.